आईनं विचारलं तेव्हा

पुण्याची बस वर्ध्याच्या स्टँडवरून हलली तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून बोलतच होती. लोणचं कोणत्या पिशवीत, स्वेटर कुठे, असलं काहीबाही. मी "हाव, हाव" म्हणत होते. आमच्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, नाहीतर बोलणारा थांबतो. बस वळली तरी तिचे ओठ हलत होते आणि मी काचेआडून हाव म्हणत होते.

पुण्यात मी "हो" म्हणायला शिकले. वारज्यात खोली, कोथरूडमध्ये फिल्मचा वर्ग. मुलं पुण्याला गेल्यावर मागे राहिलेल्या आयांचं काय होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय, आणि प्रबंधासोबत फिल्म द्यायची होती. मी घेतलेली पहिली मुलाखत सरांनी वर्गात लावली. प्रत्येक वाक्यावर माझं हं, हो, अच्छा. सर म्हणाले, "आपला आवाज छान आहे हो. पण संशोधन त्यांच्यावर आहे ना?" वर्ग हसला. मला इतकं लागलं की आरशासमोर बसून मी तोंड बंद ठेवून नुसती मान हलवायचा सराव केला.

मग कॅमेरा घेऊन घरी गेले. चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून आईला खिडकीसमोर बसवलं आणि मी खिडकीला पाठ करून बसले. विचारलं, मी गेले त्या दिवशी तू काय केलंस?

"त्या दिवशी मी घरी नाही गेली," आई म्हणाली. "बस गेली अन् मी सरळ..." ती थांबली. "आयकून राहिली ना वं?"

मी मान हलवली. जोरात हलवली. ती समोर बघत राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "जाऊ दे."

आवाज स्वच्छ मिळाला म्हणून मी खूश होते. उरलेलं पुढच्या खेपेला विचारू म्हटलं. पुढच्या खेपेला तिची तेरवी होती. तिथे काकू सहज बोलून गेली की आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, उजेडाकडे तोंड केलं की समोरचं माणूसही दिसत नसे. मला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. खिडकी मीच निवडली होती.

सर म्हणाले, आईच्या प्रश्नानंतरची ती शांतता कापा. मी नाही कापली. उलट एकदा लबाडी केली. त्या पहिल्या मुलाखतीतलं माझं "हं" उचलून आईच्या प्रश्नामागे चिकटवलं. ऐकलं. माझा हुंकार येतो आणि आई तरीही म्हणते, जाऊ दे. मी तो काढून टाकला.

ती कुठे गेली होती हे कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना विचारून झालं.

तुमच्यासारखीच मीही घर कुठलं विचारलं की गावाचं नाव सांगते. वर्ध्याच्या घराला आता कुलूप आहे. मला जायचंच असलं तर दुपारी हेडफोन लावून बसते. आई विचारते, आयकून राहिली ना वं? मी मोठ्यानं म्हणते, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या बाई दारात येतात, "हाव आई, आयकून राहिली. मंग? मंग कुठं गेली तू?"