फळ्यावरचं नाव

बायकांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढलेल्या सिस्टरला सगळे माई म्हणत. गेले चार दिवस तिच्या खिशात थर्मामीटरशेजारी घडी घातलेला राजीनामा होता. रोज ती तो देणार असे आणि रोज काही ना काही आडवं येई.

बिनसलं होतं ते फळ्यापासून. नव्या मेट्रनबाईंनी टेबलामागे फळा टांगला होता. तारीख, चूक, नाव. पूर्वी ड्यूटी संपलेली सिस्टर पुढचीला वॉर्ड सोपवताना चहाबरोबर आपल्या चुकाही सांगून मोकळी व्हायची. "अगं, तीन नंबरचं टेंपरेचर घ्यायचं राहिलंच बघ माझं, तेवढं घे." आता सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. चहासुद्धा जी ती आपला कोपरा धरून प्यायची. माईची झोप उडाली. घरी गॅस बंद आहे का, हे बघायला ती तीनतीनदा उठायची आणि नवऱ्यावर उगीच खेकसायची.

"बाई गं, मी तुझा पेशंट नाही," तो म्हणायचा. "मेट्रन तर मुळीच नाही. दे तो कागद आणि मोकळी हो एकदाची."

त्या दुपारी तिने सात नंबरच्या बेडवरच्या म्हातारीला रक्तदाबाची गोळी दिली. पाणी पिऊन झाल्यावर म्हातारी म्हणाली, "ही गोळी नवीन का गं? मला तर पोटाचं औषध असतं. सकाळी मी इकडे खिडकीपाशी आले आणि सातवाली माझ्या आठवर गेली. तुमच्या सकाळच्या सिस्टरने बघितलंय की!"

माई तशीच डॉक्टरांकडे धावली. त्यांनी दर अर्ध्या तासाने रक्तदाब मोजायला सांगितला. संध्याकाळपर्यंत माई त्या बेडजवळून फारशी हलली नाही. आकडा थोडा उतरला, मग सावरला.

बातमी कळताच सकाळची सिस्टर वरच्या क्वार्टर्समधून धापा टाकत आली. "माई, बेड बदलू दिले म्हणून माझं नाव लागलं असतं, म्हणून बोलले नाही. तुम्ही माझंच नाव सांगा."

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. "कोणाची चूक?"

माईने खडू उचलला आणि फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. "नाव न विचारता गोळी दिली, ही माझी चूक. पण मॅडम, बेड बदललेत हे मला कोणी सांगितलं नाही, ते या फळ्याच्या भीतीने. आज म्हातारी बोलली म्हणून कळलं."

"माझ्याकडे वरून दर आठवड्याला चुकांचा आकडा मागतात, माई. मी काय देऊ त्यांना?" बाईंचा आवाज एकदम थकलेला होता.

"आकडा द्या की. नावं कशाला?"

मेट्रनबाईंनी सात नंबरच्या बेडकडे पाहिलं. "म्हातारी कशी आहे?"

"घोरतेय."

बाईंना हसू फुटलं. त्यांनी फडकं घेतलं आणि नावांचा रकाना पुसून टाकला. "महिनाभर बघते. काही फरक पडला नाही, तर तुम्हालाच धरेन."

"धरा."

रात्रपाळीच्या सिस्टरसाठी निरोप लिहायला माईला कागद हवा होता. हाताला खिशातला लागला. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, "सात-आठ बेड बदललेत. नाव विचारूनच औषध द्या." आणि राजीनाम्याची बाजू भिंतीकडे करून तो टेबलामागे चिकटवला.

"दिलास का कागद?" घरी नवऱ्याने विचारलं.

"कामाला आला," ती म्हणाली. त्या रात्री गॅस बघायला ती एकदाच उठली.