आधी फोटो, मग करंट

रोज तीच माणसं एका बाकावर बसली की किस्से आपोआप साचतात. मी सरकारी बसचा कंडक्टर. उदगीर, कमलनगर, बीदर या रस्त्यावर जन्म गेला, तेव्हा किस्से मला नवीन नाहीत. पण हैदराबादच्या त्या दवाखान्यात, तळघरातल्या बाकावर जेवढे ऐकले, तेवढे अख्ख्या नोकरीत ऐकले नाहीत.

कारण सांगतो. तिथं बसलेल्या प्रत्येकाला प्रोस्टेटचा कॅन्सर. प्रत्येकाला तांब्याभर पाणी पाजलेलं. आणि प्रत्येकाला ताकीद की, नंबर लागेपर्यंत लघवीला जायचं नाही. अशा अवस्थेत माणूस गप्प बसूच शकत नाही. बोलत राहावं लागतं, नाहीतर बांध फुटतो!

त्या बाकावर आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमेकडचे तिघं होतो. एक मी. दुसरे कांबळे गुरुजी, आळंदकडच्या मादन हिप्परग्याचे, शाळेतून रिटायर झालेले. विहारात पोरांना शिकवताना म्हणायचे, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. तिसरे ठाणाकुशनूरचे माणिकअप्पा. बापजाद्यांची मेंढरं होती, अप्पांनी ती विकून शेती धरली. सोबत त्यांची बायको काशीबाई.

तिघंही पक्के संशयी. मला वाटायचं लोक फसवतात. गुरुजींना वाटायचं लोक न तपासता बोलतात. आणि अप्पांना वाटायचं, सगळ्यांना सगळं माहीत आहे, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही.

*

माझ्यापासून सुरू करतो. आजार निघाला तेव्हा ऑपरेशनचा डॉक्टर म्हणाला, गाठ कापून टाकू. करंटवाला डॉक्टर म्हणाला, कापायची गरज नाही, मशीननं जाळू. आमच्याकडं या रेडिएशनला करंटच म्हणतात. पुण्याच्या कंपनीतला माझा पोरगा इंटरनेटवर वाचून फोन करायचा. एक दिवस कापा म्हणायचा, दुसऱ्या दिवशी जाळा.

मला हा प्रकार ओळखीचा होता. कमलनगरच्या स्टँडवर जीपवाला पॅसेंजरला सांगायचा, बस गेली. आणि आम्ही सांगायचो, जीप उलटते. ज्याची गाडी त्याला पॅसेंजर पाहिजे!

म्हणून मी दोघांनाही एकच प्रश्न टाकला. तुमच्या वडिलांना झाला असता तर काय केलं असतं? ऑपरेशनवाला क्षणभरही न थांबता म्हणाला, ऑपरेशन. करंटवाल्याकडं गेलो. त्यानं माझी फाईल मिटली. मग म्हणाला, "माझ्या वडिलांना झाला होता. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं."

मी म्हटलं, मग मी?

म्हणाला, "तुमचं हृदय कमजोर आहे, त्यांचं नव्हतं."

मी तिथंच करंट पक्का केला. जीपवाला स्वतः म्हणाला की माझे वडील बसनं गेले, तर त्या जीपमध्ये बसायला हरकत नाही.

*

आता अप्पा आणि सोनं. हे मशीन आधी फोटो काढतं, जागा पक्की करतं, मगच करंट देतं. फोटोत जागा नीट दिसावी म्हणून प्रोस्टेटमध्ये सुईनं सोन्याचे तीन बारीक दाणे बसवतात. डॉक्टरांनी हे सांगितलं आणि अप्पा खुर्चीतून उठलेच.

"सोनं मेलेल्याच्या तोंडात घालतेत. जित्याच्या अंगात कामून?"

डॉक्टरांनी समजावलं की सोनं गंजत नाही, फोटोत ठळक दिसतं. अप्पांना पटलं नाही, पण काशीबाईंची अडचण दुसरीच होती. परक्याचं सोनं नवऱ्याच्या अंगात जाणार, ते कुणाचं, कुठलं, कुणाच्या अंगावरून उतरलेलं, काय माहीत! त्यांनी गळ्यातल्या पोतीचे मणी पुढं केले आणि म्हणाल्या, आमचंच घाला. डॉक्टर बिचारे हात जोडून म्हणाले, अक्का, हे दवाखान्याचं बंद सुईतलंच लागतं.

काशीबाईंनी विचार केला आणि विचारलं, काम झाल्यावर काढून परत देता का?

नाही, ते कायमचं आत राहतं.

अप्पा परत खुर्चीत बसले. म्हणाले, "घाला मग. तेवढंच मागं ऱ्हानाऱ्यांचं एक काम वाचलं."

*

करंट सुरू झाला. रोज टेबलावर झोपायचं, मशीन भोवती फिरून फोटो काढायचं, सुजाता नावाची मुलगी बाहेर बसून फोटो बघायची, टेबल इकडंतिकडं जरा सरकवायची, मग करंट. सुजाता तेलुगू, पण आमच्याशी दखनी हिंदीत बोलायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी अप्पा बाकावर माझ्या कानाशी लागले. आमच्याकडं कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. "मास्तर, एकदा फोटो काढला, झालं. रोज कामून काढायलेत? रोज काढतेत म्हंजे रोज जागा हरवतेत."

खरं सांगतो, मला हे एकदम पटलं. रोज त्याच स्टॉपवर उभा राहणारा ड्रायव्हर रोज खाली उतरून स्टॉपचं नाव वाचायला लागला, तर पॅसेंजर उतरतीलच की! मी सुजाताला तिखट आवाजात विचारलं. ती हसली नाही, रागावली नाही. तिनं आम्हाला पडद्यापाशी नेलं. कालचे तीन दाणे आणि आजचे तीन दाणे. आजचे बोटाच्या पेराएवढे सरकलेले.

"जगा हमारे से नै हिलती, अप्पा. तुमारे से हिलती," ती म्हणाली. पोटात पाणी कमी-जास्त झालं, संडास साफ झाली नाही, की गाठ आतल्या आत सरकते. म्हणून रोज बघायचं.

अप्पांनी दाणे मोजून बघितले. तीन होते.

*

गुरुजींचा संशय वेगळा. त्यांचं म्हणणं, आत काहीच होत नाही. चटका नाही, दुखणं नाही, वास नाही. नुसती घरघर. मशीन खरंच बघतं की नुसतं फिरतं, हे कशावरून समजायचं?

एके दिवशी पुढं गुरुजी, मागं अप्पा, त्यांच्या मागं मी. आम्ही दोघं गळ्यापर्यंत भरलेले. गुरुजी आत गेले आणि लगेच बाहेर आले. चेहऱ्यावर असा आनंद, जसा निकाल लागल्यावर शाळेत असायचा.

"पास!" गुरुजी म्हणाले. "मशीन पास!"

त्यांनी मुद्दाम अर्धंच पाणी प्यायलं होतं. मशीननं फोटोत ते पकडलं. सुजातानं त्यांना उतरवलं, परत तांब्या हातात दिला. आता ते पाणी खाली उतरेपर्यंत थांबणं आलं. आणि दवाखान्याचा नियम असा की, टेबलावर एकाच्या मापाची पट्टी लावली की त्याचं आटपेपर्यंत दुसऱ्याला घेत नाहीत.

अप्पा भिंत धरून उभे होते. डोळे मिटलेले. दात आवळून म्हणाले, "परीक्षा मशीनची, आन् कळा आमाला!"

*

मग आली येळवस. म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं, सगळी माणसं शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप म्हणजे खोपी, आंबिलीचं मडकं, आणि भज्जी. तूर, वाटाणा, हरभरा, हिरवं जे असेल ते बेसनात शिजवून केलेली. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत.

अमावस्या रविवारी होती. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून अप्पा-काशीबाई गावाकडं गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, डाळ नको, कडधान्य नको, पोटात वारा धरता कामा नये. काशीबाईंनी शेतात नवऱ्याला पुढ्यात बसवून दहीभात खाऊ घातला. भज्जीचं भगुलं स्वतःच्या पाठीमागं ठेवलं.

सोमवारी अप्पा टेबलावर. फोटो निघाला. सुजातानं अप्पांना उतरवून बाहेर आणलं.

"अप्पा, क्या खाको आए?"

"दहीभात," अप्पा म्हणाले. काशीबाईंनीही मान हलवली, म्हणाल्या, माझ्या हातानं वाढला.

सुजातानं काशीबाईंनाच पडद्यापाशी नेलं आणि दाखवलं. आत वाऱ्याचा हा एवढा काळा फुगा! दहीभाताचा नव्हे. काशीबाईंनी एकदा पडदा बघितला, एकदा नवरा. मग हळूहळू निघालं. अप्पा 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून बांधानं गेले होते. एका शेजाऱ्यानं हाक मारली, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. येळवसाला नाही म्हणता येत नाही. तीन शेतांची भज्जी!

त्या दिवसापासून काशीबाईंचा मशीनवर पूर्ण विश्वास बसला. जाता जाता त्यांनी सुजाताला बाजूला घेऊन विचारलंच. "बाजाराच्या दिशी हे कुटं जातेत, ते बी दिसतंय का यात?"

*

हसण्यावारी नेलं, पण यानंतर अप्पा बिघडले. लघवीला जळजळ सुरू झाली होती, थकवा यायचा. सगळ्यांनाच यायचा, डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं. पण अप्पा बोलायचे बंद झाले. आणि एका मंगळवारी टेबलावर चढायलाच तयार होईनात. म्हणाले, बास झालं, गावाकडं जायलोय.

डॉक्टर आले. म्हणाले, आजार लवकर सापडलाय, पुरा करंट झाला तर माणूस बरा होईल. मध्येच सोडला तर उरलेलं परत वाढेल, आणि मग माझ्या हातात फार काही राहणार नाही. अप्पा उठून गेले असते तर मीही गेलो असतो, लपवत नाही.

मग अप्पांनी खरं कारण सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ याच दुखण्यानं गेला होता. त्यालाही दुसरीकडं कुठंतरी जुन्या मशीनवर करंट दिला होता. अप्पा तेव्हा दाराशी उभे होते.

"करंट चालू करायच्या टायमाला सगळी बाहेर पळतेत. एवढं जाड दार लावून घेतेत. आन् मला म्हनतेत, हालू नका. चांगलं हाय तर पळता कामून? माझा भाऊ तसाच पडला हुता. एकटा."

डॉक्टर म्हणाले, फवारणी करणारा रोज फवारतो म्हणून तोंडाला फडकं बांधतो ना, तसं आहे. ही पोरगी दिवसभर इथंच असते.

"फवारा पिकावर मारतेत," अप्पा म्हणाले. "मी पीक हाय का कीड, ते सांगा."

काशीबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, मी बसते आत. ते शक्य नव्हतं. मग सुजातानं डॉक्टरांकडं बघितलं आणि म्हणाली, अक्का बाहेर माझ्याजवळ बसतील. पडद्यावर अप्पा सबंध वेळ दिसतील, आणि माईकवरून दोन्हीकडून बोलता येईल. डॉक्टर म्हणाले, बसू दे.

अप्पा आत गेले, कबूल न करता. म्हणजे, पाहिजे तेव्हा उठून येईन, अशा हिशोबानं. जाड दार लागलं. पुढचा नंबर माझा, म्हणून मी आणि गुरुजी तिथंच उभे.

पडद्यावर अप्पा टेबलावर झोपलेले. मान सारखी दाराकडं वळवत होते. सुजातानं माईकवर त्यांना हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. अप्पांनी एक कोपर टेकवलं, उठायच्या बेतात.

सुजातानं माईक काशीबाईंकडं सरकवला. "नाम लेको पुकारो अक्का. जल्दी."

काशीबाईंनी आमच्याकडं बघितलं. लग्न होऊन नातवंडं झाली, पण आमच्याकडच्या त्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दवाखान्यात नाव विचारलं तरी त्या शेजारच्या बाईकडून सांगवायच्या. मी आणि गुरुजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो.

काशीबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, तो भिंतीजवळच्या काचेत दिसला. मग त्यांचा आवाज आला. बारीक, पण नीट.

"माणिकराव. हालू नका. म्या हितं हाय."

अप्पांचं कोपर खाली आलं. मान सरळ झाली. छतावरच्या स्पीकरच्या त्या एवढ्याशा डब्याकडं बघत, अंग अजिबात न हलवता, नुसते ओठ हलवून अप्पांनी संशयानं विचारलं,

"कोन बोलायलीय ती?"

काशीबाई माईकच्या आणखी जवळ सरकल्या.

"दुसरी कोन हाय तुमची? पडून ऱ्हावा गप."

सुजातानं बटण दाबलं.