जोशी काकूंना मी मारलं

"गैरसमज करून घेऊ नका हं काकू. आम्ही असलं काही मानत नाही."

दार अर्धंच उघडलेलं. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधला एकतिसावा मजला. माझ्या दोन हातांत दोन डबे, त्यांत एक्कावन्न उकडीचे मोदक. अजून गरम. आतून उदबत्तीचा वास येतोय, कुणीतरी झांजा शोधतंय. आणि दारात ती. पुण्याची, इंजिनियर, मोठ्या कंपनीत मॅनेजर. दोन वर्षं माझ्या हातचं जेवलेली.

"सासूबाई आल्यात ना पुण्याहून. आणि हे नैवेद्याचं आहे. रोजच्या डब्याचं एक ठीक आहे. तुम्ही समजू शकता."

समजू शकत होते. झालं होतं एवढंच. दर वेळी आमचा डिलिव्हरीवाला जायचा. त्या दिवशी सण म्हणून मीच गेले. हौस फार! खाली सिक्युरिटीने आयडी कार्ड मागितलं. त्याने वर फोन लावला आणि कार्डावरचं नाव खणखणीत वाचलं, आडनावासकट. लिफ्ट मला घेऊन वर पोचायच्या आधी माझी जात वर पोचली.

कारण तोवर त्या घरात मी जोशी काकू होते.

डबे ओळखून आतून तिची मुलगी धावत आली. अडीच-तीन वर्षांची. "जोशी आजी! ममा, आय वॉन्ट वन!"

"नो बेटा. नॉट धिस वन."

या पोरीचा पहिला मऊ भात माझ्या दुकानातून गेला होता. तूप-मेतकूट घालून, चमच्याने घोटून. ताप आला की "काकू, तिच्यासाठी थोडा भात पाठवा ना" असा मेसेज यायचा. ती पोर आता आईच्या पायामागून मोदकाकडे बघत होती आणि आई तिचा दंड धरून उभी होती.

"पैसे पूर्ण ट्रान्सफर करते हं. दीडशे दिराम. मोदक तुम्ही घेऊन जा. वाटून टाका कुणाला."

आता ऐका, तेव्हाची मी काय म्हणाले. चोपन्न वर्षांची घोडी, दोन नातवंडांची आजी. मी म्हणाले, "सॉरी मॅडम."

सॉरी! एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे म्हणाले, "पहाटे आंघोळ करून केलेत हो. उपाशीपोटी. सारणाची चवसुद्धा घेतली नाही." तिला माझी आंघोळ सांगितली मी. तिने मान हलवली, नोकरीसाठी आलेल्या पोरीला 'कळवतो' म्हणतात तशी, आणि दार लावून घेतलं. पैसे? आले. मी घेतले. लिफ्टमध्येच मनात गुणाकारही केला, रुपयांत किती होतात त्याचा. लपवत नाही.

हे जोशी प्रकरण कसं सुरू झालं तेही सांगते, म्हणजे माझा शहाणपणा कळेल.

आमच्या यांची जबल अलीच्या गोदामातली स्टोअरकीपरची नोकरी सुटली. मुलगी-जावई इथेच, नातवंडं इथेच. दुकान चाललं तर आमचा व्हिसा, नाहीतर गाशा गुंडाळून सोलापूर. शारजात, अल मजाजच्या मागच्या गल्लीत एक गाळा घेतला. बसायला जागा नाही, नुसती पार्सलची खिडकी. लायसन्स माझ्या नावाचं. मेनू मात्र ब्राह्मणी घरातला. वरण-भात, मेतकूट, मऊ खिचडी, आमटी, पुरणपोळी. घरापासून लांब राहणाऱ्याला रविवारी संध्याकाळी जे आठवतं ते.

हे सगळं मी शिकले कुठे? लग्नाआधी पुण्यातल्या एका मेसमध्ये भांडी घासत होते. भांड्यांना हात लावलेला चालायचा, शेगडीला नाही. मोरीत बसून मी गोडा मसाला नाकाने शिकले. मोदकाच्या कळ्या डोळ्याने शिकले. मेसवाल्यांच्या सुनांना अकरा यायच्या, मला एकवीस.

पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने आमटी खाल्ली आणि फोन केला. "वा! जोशी काकू ना तुम्ही?" कुणीतरी दुसरी जोशी डबे देत होती, तिच्यात आणि माझ्यात घोटाळा झाला. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. आणि 'हो' म्हणाले.

बस. नंतर त्या 'हो'ला मी डोक्यावर घेतलं. आमचे हे म्हणाले, "लोकांना जोशी हवी आहे, तर दे की. आपलं काय जातंय?" मी डब्यांवर लावायची लेबलं छापून आणली, 'जोशी काकूंचा डबा'. घरात बुद्धाची मूर्ती, दुकानात गणपतीचं कॅलेंडर. बोलताना 'न' आणि 'ण' दोनदा तपासायचे. घरी सुकट भाजायची तर खिडक्या बंद, एक्झॉस्ट फुल, दारापाशी ओला टॉवेल. उद्याच्या डब्यांच्या पिशव्यांना वास लागला तर? स्वतःच्या घरात मी स्वतःचं जेवण चोरून खात होते आणि त्याला धंद्यातली हुशारी म्हणत होते. नटी व्हायला हवं होतं मी.

तर, मी खाली आले. सिक्युरिटीचा माणूस नेपाळी, चाळिशीचा. आयडी परत देताना म्हणाला, "दीदी, डब्बा वापस?"

"हां. खाओगे?"

"पूजा का है?"

"पूजा का था."

त्याने आधी हात धुतले. मग मोदक घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. त्याने माझं नाव स्वतः वाचलं होतं. वाचूनच कपाळाला लावला. दुसरा मागून घेतला.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला राग. तिचा नाही, आधी माझा. दोन वर्षं मी जोशी काकू नावाच्या एका बाईला वाढवत होते, नटवत होते, तिच्या नावाने कौतुक ऐकून घेत होते. आणि वेळ आली तेव्हा ती बाई दारात उभी राहिली नाही. सॉरी म्हणायला मलाच पुढे केलं.

संध्याकाळपर्यंत मराठी लोकांच्या ग्रुपवर मॅडमचा व्हॉइस मेसेज आला होता. आवाज अगदी दुखावलेला. "जातीचा प्रश्नच नाहीये. प्रश्न ट्रस्टचा आहे. आपली फसवणूक झाली."

खोटं बोलले मी. कबूल. पण बाई, खरं सांगितलं असतं तर तू पहिला घास घेतला असतास का? दोन वर्षं तुझ्या घरात कुणाला बाधलं नाही. तुझ्या लेकीने बाळसं धरलं माझ्या भाताने. आणि तुला फसवलं कुणी, तर आडनावाने?

दोन दिवसांनी ग्रुपचे एक वडीलधारे दुकानाच्या खिडकीशी आले. भले गृहस्थ. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सगळे त्यांना सर म्हणतात.

"काकू, मी सगळ्यांशी बोललोय. कुणी ऑर्डर बंद करणार नाही. लेबल आहे तेच राहू द्या, लोकांना सवय झालीये. फक्त सणावाराचं, नैवेद्याचं तेवढं आम्ही दुसरीकडून घेऊ. रोजचा डबा तुमचाच. मिटवून टाकू ना?"

मागे आमचे हे मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण. व्हिसाची तारीख त्यांच्या कपाळावर लिहिलेली दिसत होती मला. आणि खरं सांगते, 'हो' माझ्या जिभेवर आलाच होता. सवयीचा होता.

मी विचारलं, "सर, रोज तुमच्या पोटात जातं ते चालतं. देवापुढे दहा मिनिटं ठेवायचं ते चालत नाही?"

"तसं नाही काकू. भावनेचा प्रश्न असतो."

"कुणाच्या?"

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"सर, जोशी काकू वारल्या," मी म्हणाले. "परवाच. एकतिसाव्या मजल्यावर."

त्यांना कळेना, हसावं की 'अरेरे' म्हणावं. मी त्यांच्या डोळ्यांसमोर लेबलांचा गठ्ठा कचऱ्याच्या पिशवीत टाकला. आमचे हे म्हणाले, "खलास! आता भरा बॅगा."

दुसऱ्या दिवशी खिडकीवर नवा मेनू. ज्वारीची भाकरी, काळ्या तिखटाचं कालवण, सुकटीची चटणी, भाजलेले बोंबील. शुक्रवारी वजडी, बकऱ्याच्या पोट-आतड्यांची. वर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. मराठीत, इंग्रजीत. पिशव्यांच्या नव्या लेबलांवरही तेच. वरण-भातही ठेवला. तो काय कुणाच्या बापाचा आहे? मी शिकलेय तो, मोरीत बसून.

अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक गेलं. गोड कथा सांगत नाही मी. चार महिने इतके वाईट गेले की मुलीपुढे हात पसरावा लागला. शेजारच्या गाळ्यातल्या बाईने वासाची तक्रार केली, मी एक्झॉस्ट दुरुस्त केला, बोंबील बंद केले नाहीत. जबल अलीला जाणारे ड्रायव्हर, वेल्डर यायला लागले. कुणी विदर्भातला, कुणी तेलंगणातला. काही मराठी साहेबलोकही आले, गाडी लांब लावून.

त्यांतलीच एक पोरगी. जुमेरा लेक टॉवर्समध्येच नोकरी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर. वजडी मागितली आणि हळूच म्हणाली, "काकू, आमच्याकडे घरी आई अशीच करते. पण पिशवीवरचं लेबल काढून द्याल? ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायचीय."

समोर मीच उभी. तीस वर्षांनी लहान, इंग्रजी बोलणारी.

"नाही," मी म्हणाले. "लेबलासकट न्यायची. नाहीतर इथे उभी राहून खा, मी पाणी देते."

ती पार्सल न घेताच गेली. राग आला असेल. येऊ दे. मलाही कुणीतरी वेळेवर असं 'नाही' म्हणायला हवं होतं.

यालाही आता आठ वर्षं झाली. दुकान आहे, व्हिसा आहे, गुडघे गेलेत. परवा मुलगी आली लॅपटॉप घेऊन. ती एचआरमध्ये आहे. दुकान डिलिव्हरीच्या ॲपवर टाकायचं म्हणाली. नातीने रंगीत चित्र काढून आणलेलं, नऊवारीतली गोंडस म्हातारी, गालावर खळ्या. मला एक खळी नाही.

"आजी, जस्ट 'आजीज किचन'. इट्स सो क्यूट!"

मुलगी म्हणाली, "छान आहे की, आई. आडनाव कशाला टाकायचं? उगाच लोकांच्या डोक्यात विचार येतात."

"कुठले विचार?"

तिने स्क्रीनवर 'आजीज किचन' टाइप केलं. मॅनेजर मॅडमचं मला इतकं लागलं नव्हतं. हे लागलं. माझी मुलगी, माझ्या भाकरीवर वाढलेली, आणि मला क्यूट करून विकायला निघालेली.

"आई, इथे कुणी जात विचारत नाही गं आता."

"मग लिहायला कसली भीती?"

लॅपटॉप माझ्याकडे ओढला. एका बोटाने टाइप केलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ती पुसायला गेली, मी तिचा हात धरला. जोरात धरला, तिला दुखलं.

दुकान माझं आहे. माझ्यामागे चालवा, नाहीतर बंद करा, ते तुमचं तुम्ही बघा. पण मी जिवंत असेपर्यंत त्या खिडकीतून एकही घास माझं पूर्ण नाव घेतल्याशिवाय बाहेर जाणार नाही. ज्याला ते नाव जड जातं, त्याने उपाशी राहावं.