देवापुढचं पाकीट

आमच्या एजवेअरच्या कौन्सिल फ्लॅटचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या घराचं, भाडं माझ्या नोकरीमुळे अंगावर आलं, हे आधीच सांगून टाकते. वडील गेल्यावर आई शाळेच्या किचनमध्ये अर्धवेळ काम करायची. तेवढ्यात भाडं कसलं झेपतंय? बरंचसं हाउसिंग बेनिफिटमधूनच, म्हणजे भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीतूनच जायचं. मला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा आई पेढे घेऊन कौन्सिलला सांगायला गेली. काउंटरवरच्या बाईने पेढा घेतला नाही, नियमात बसत नाही म्हणे. नोकरीची नोंद मात्र तत्परतेने केली. घरात कमावती मुलगी आहे म्हणून बेनिफिट थोडं कापलं. ठीक आहे, आम्ही कुरकुर केली नाही.

पंचाईत पुढे झाली. आमच्याकडे पगार आईच्या हातात द्यायची रीत, आणि नुसता पहिलाच नाही, दर महिन्याचा. मी पाकीट द्यायची, ती ते देवापुढे ठेवायची, डोळ्यांना लावायची आणि मग बँकेत स्वतःच्या खात्यात भरून यायची. त्यातूनच घर चालायचं, माझा बसपाससुद्धा. पुढच्या वर्षी कौन्सिलने तिची बँक स्टेटमेंट्स मागवली आणि त्यांना काय दिसलं? ही बाई दर महिन्याला कुठून तरी रोकड आणते आणि आम्हाला सांगत नाही! झालं. बेनिफिट बंद. पूर्ण भाडं भरा, शिवाय मागचंही परत करा. कुठून भरणार? बघता बघता थकबाकी चढली आणि घर ताब्यात घेण्याची नोटीस दारात येऊन पडली.

माझं डोकं फिरलं. फोनवर त्या लोकांशी इतकं भांडले की घसा बसला. आई भांडी घासत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "मी काय चोर आहे का गं?" तेव्हा मला रडू आलं.

भाडेकरूंना फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात एक वकील मुलगी भेटली. आपलीच, पण जन्म इथला. "काकू, अपील करायचा राइट आहे तुम्हाला," ती म्हणाली. "फक्त मुदत संपायच्या आत करायचं. घरातली कमावती मुलगी खाण्याचे, राहण्याचे पैसे देते ना, ते तुमचं इन्कम धरता येत नाही. त्यासाठीच तर बेनिफिट आधी कापलंय. तुम्ही फक्त तेवढं सांगा, की मुलगी जेवणाचे आणि राहण्याचे पैसे देते."

आई ताडकन उठली. "मी खानावळ काढलीय का? पोटच्या पोरीकडून जेवणाचे पैसे घेते, असं चारचौघांत सांगू?"

"अगं पण घर जाईल!" केंद्रातून बाहेर पडल्यावर मी बसस्टॉपवरच ओरडले.

"जाऊ दे मेलं."

अपील मी भरलं. पण सुनावणीच्या दिवसापर्यंत ती काय बोलणार, याचा पत्ता तिने लागू दिला नाही.

निकाल देणाऱ्या बाई वयस्क होत्या, आवाज मऊ होता. कौन्सिलचा माणूस शेजारच्या टेबलाशी पेनाचं टोपण उघडत-लावत बसला होता. बाईंनी आईला विचारलं, मुलगी तुम्हाला पैसे का देते? आई समोरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. बोल ना गं आई, एकदाच बोल! आईने माझ्याकडे पाहिलं, मग पदर सारखा केला.

"शी पेज मी मनी," ती म्हणाली. "फॉर फूड. फॉर द रूम."

मग तिने मान खाली घातली, ती बाहेर पडेपर्यंत वर केली नाही.

आम्ही जिंकलो. बेनिफिट पुन्हा सुरू झालं, अडकलेले पैसे आले, थकबाकी मिटली, नोटीस मागे गेली. मी तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्याने हसले. पगाराच्या दिवशी नेहमीसारखी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती.

"फ्रिजवर ठेव," ती म्हणाली.

"देवापुढे नको?"

"जेवणाचे पैसे ना ते? देवापुढे कशाला?" आणि तिने माझं पान वाढायला घेतलं.