चढावरचा पिकअप

भाजीवाल्या सुरेशचा पिकअप आमच्या चढाच्या पायथ्याशीच थांबायचा. वर यायला डिझेल परवडत नाही, म्हणायचा. मग अगदी वर राहणाऱ्या काकू कठड्याला धरून खाली यायच्या.

आज त्याचा नवा, विजेवरचा पिकअप आवाज न करता थेट त्यांच्या फाटकाशी गेला. भाजीसाठी मीही तिथे पोचले.

“कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी वर कशाला आलास रे?”

“आता चढ परवडतो, काकू. डिझेलच्या मानाने चार्जिंगला काहीच लागत नाही.”

निघताना, डिझेल वाचवायला उतारावर इंजीन बंद करायच्या जुन्या सवयीने त्याचा हात किल्लीकडे गेला आणि तो स्वतःशीच हसला.

वाचलेला पैसा खिशातच राहतो, असं मला वाटायचं. सुरेशचा थोडासा आज काकूंच्या गुडघ्यांना मिळाला.