खोक्यावरचं अक्षर

या वायरमनला सगळे डॉक्टर म्हणत, तेही तोंडावर. विजेवर पाणी तापवणारा शॉवर बसवला की आठवड्याने स्वारी पुन्हा हजर. दहा मिनिटं शॉवर चालू ठेवायला लावायचा आणि वायरीवर पालथा हात ठेवून ताप बघायचा. "ब्रेकर शॉवरसाठी नसतो, वायरीसाठी असतो," हे ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते.

आज सकाळीच ताईचा फोन आला. तिने परस्पर जुना शॉवर काढून मोठा बसवून घेतला होता.

"थोडा वेळ चालला की ब्रेकर पडायचा रे. काल तुझ्या दाजींनी दुसरा बसवला, चाळीस अँपिअरचा. आता कसा शहाण्यासारखा चालतोय! ठेवते, अंघोळीला जाते."

"ताई, थांब!"

फोन बंद झाला होता.

त्या घरातली वायर त्यानेच ओढली होती, बत्तीसच्या ब्रेकरपुरती. छतात ऊन अडवायला घातलेल्या जाड कापसाखालून जाते ती, तिथे वाराही लागत नाही. आता ती तापली तरी वीज तोडणारं कुणी नव्हतं. त्याने पुन्हा फोन लावला. नुसता वाजत राहिला. दाजींचा नेहमीसारखा बंद. स्कूटरवर चार चौक पार होईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दार उघडंच होतं. आत तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि पाण्याचा आवाज. त्याने धावत जाऊन मेन बंद केला.

"कोण मेलं लाइट घालवतंय?" बाथरूममधून ताई कडाडली.

ती शिवी ऐकून त्याला रडूच फुटलं.

बोर्ड उघडला तर वायरीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. लाइट गेली म्हणून बाहेर आलेल्या दाजींवर तो उखडला, "हा चाळीसचा तुम्हाला दिला कुणी?"

दाजींनी बोर्डावरून रिकामं खोकं काढून पुढे केलं. त्यावर ठळक लिहिलं होतं : शॉवरसाठी. अक्षर त्याचंच. शॉवर बसवला की पिशवीत उरलेला ब्रेकर, मग तो बत्तीसचा असो की चाळीसचा, खोक्यावर असं लिहून तिथेच ठेवून यायची त्याची सवय. 'लागला तर असू दे' म्हणून.

अशी खोकी किती घरांत ठेवली? त्याने फोन काढला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला लावला.

"वहिनी, मी डॉक्टर. तुमच्याकडे आत्ता अंघोळीला कुणी गेलंय का?"