पावाचा कोंबडा

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. मिरजेच्या दोन खोल्यांत गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. 'पुरावा' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता येत होता. पाडव्याला गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या की बाबा आणि मी दारोदार अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचो. काही लोक आमच्यासमोरच कागद फाडायचे. बाकीचे घ्यायचे आणि लहान मूल म्हणून माझ्या हातावर साखरेच्या गाठीचा तुकडा ठेवायचे. कोपऱ्यावर गेल्यावर मी बाबांकडे बघायचे. ते म्हणायचे, "खा. साखर आहे ती, दुसरं काही नाही."

अशी मी नेदरलँड्समधल्या हार्लेमला लग्न करून आले आणि वसंत ऋतू आला की मला घेरलं जाऊ लागलं.

माझा नवरा इथलाच. त्याची आई नायमेखनला राहते, कॅथलिक आहे. सासूबाईंचा देवावरचा विश्वास कधीच उडाला, चर्चवरचा मात्र जागच्या जागी आहे. नणंद काही वर्षांपासून पेगन झाली आहे. म्हणजे ती स्वतःला ख्रिस्ताच्याही आधीच्या 'जुन्या धर्माची' म्हणवते. हा जुना धर्म तिला वीकेंडच्या एका शिबिरात मिळाला आणि त्याचं साहित्य बागकामाच्या दुकानातून आलं. दिवस-रात्र समान झाले की ती अंगणात शेकोटी पेटवते, ढोलकं वाजवते आणि मातीत अंडी पुरते. एक अंडं शेजाऱ्याच्या कुत्र्याने उकरून खाल्लं, तर म्हणाली, धरणीमातेने स्वीकारलं.

या दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही. पण आमच्या मुलीच्या बाबतीत त्यांनी तह केला. नातीला दोन्हीकडचं मिळू दे, छान छान तेवढं. ससा इकडचा, क्रूस तिकडचा, अंडं दोघींचं. माझ्या नवऱ्याला ही कल्पना अतिशय आवडली, कारण त्यात त्याला काहीच ठरवावं लागत नव्हतं. मी म्हटलं, दोन खोट्या गोष्टी एकत्र केल्या की त्यांची एक खरी होत नाही, फक्त मोठी होते. त्याने माझ्यासाठी कॉफी केली.

आपल्या लोकांची बाजू घ्यावी म्हटलं, तर तीही सोय नाही. त्याच वसंतात मी मुलीला मराठी मंडळाच्या पाडव्याला नेलं होतं. तो पाडव्याला नव्हताच, हॉल मोकळा होता त्या शनिवारी होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली गुढी उभी. पुण्याचे एक गृहस्थ मुलांना गोल बसवून सांगत होते की तांब्याचा गडू उपडा घालतात तो वैश्विक ऊर्जा खेचण्यासाठी, अँटेनासारखा. हे गृहस्थ आठवडाभर आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतात. मी पुरावा विचारला. "अहो, मुलांवर काही संस्कार नकोत का?" ते म्हणाले आणि मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या.

माझा नियम एकच होता आणि तो मी घरात सगळ्यांना सांगितला होता. खेळा, खा, रंग फासा. पण या मुलीच्या डोक्यात कुणी तयार उत्तर भरायचं नाही. ती पाच वर्षांची आहे, प्रश्न विचारते आहे, तिला विचारू द्या.

मग ती काठी आली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, वसईकडचे ख्रिस्ती ज्याला झावळ्यांचा रविवार म्हणतात त्या दिवशी, इथली मुलं काठ्या घेऊन चर्चभोवती फिरतात. लाकडाचा क्रूस करायचा, त्याला रंगीत कागद गुंडाळायचा, मनुकांच्या माळा आणि अंडी लटकवायची. या देशात झावळ्या कुठल्या, म्हणून कुंपणाच्या हिरव्या झुडपाच्या डहाळ्या खोचायच्या. आणि अगदी टोकाला पावाचा कोंबडा बसवायचा. फिरून झालं की ती काठी एखाद्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला देऊन टाकायची.

आदल्या दिवशी दोघी आमच्या स्वयंपाकघरात काठी करायला बसल्या. डिंक आणि मनुका सगळीकडे. मुलीने कोंबडा हातात घेतला आणि तो का, असं विचारलं. तिला मराठी सगळं समजतं, बोलते डचमध्ये.

सासूबाईंनी पेत्राची गोष्ट सांगितली. येशूला पकडल्यावर पेत्राने आपण त्याला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं आणि मग कोंबडा आरवला. नणंद डिंकाच्या बाटलीचं बूच लावत म्हणाली की हा कोंबडा चर्चच्या कितीतरी आधीचा आहे, तो सूर्याला उठवतो, तुमच्या लोकांनी तो चोरला.

"आमच्या लोकांनी?" सासूबाई म्हणाल्या. "तुझा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झालाय. अख्खा वेळ किंचाळली होतीस."

"म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं."

मुलगी कोंबडा धरून माझ्याकडे वळली. "मग खरं कोणतं?"

"कोणतंच नाही," मी म्हटलं. "पाव आहे तो."

दोघी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या. नणंद म्हणाली, किती कोरडं बोलतेस. सासूबाई म्हणाल्या, उद्या तरी तिला सुखाने चालू दे, भाषण नको. नवरा दारातून म्हणाला, एकाच दिवसाचा प्रश्न आहे आणि दिसतं किती गोड. गोड दिसण्यावर या देशात सगळे वाद मिटतात.

मी सांगितलं, चालू दे. भाषणही करणार नाही. पण माझं काम मी करणार.

दुपारी बसून मी पत्रक लिहिलं, डचमध्ये, पिवळ्या कागदावर. कोंबडा नक्की कुठून आला ते कुणालाच माहीत नाही. चर्च एक सांगतं, नवे पेगन दुसरं, ठाम पुरावा कुणाकडेच नाही. अंडी वसंतात का, तर दिवस मोठा झाला की कोंबड्या जास्त अंडी घालतात. मुलांनो, विचारत राहा. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांना डच येत नाही, मी मराठी करून सांगत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "वाक्यं लहान आहेत ना?"

रविवारी नायमेखनला चर्चच्या दारात मी उभी राहिले. सासूबाई माझ्यापासून चार हात लांब. लोक येत होते, पत्रक घेत होते, आणि हसून आभार मानत होते. एक बाई म्हणाल्या, किती छान, रंग अगदी ईस्टरचा निवडलाय. दुसरीने विचारलं, भारतातली प्रथा आहे का ही? एकानेही फाडलं नाही. मिरजेत शिवी तरी मिळायची, म्हणजे वाचलं असल्याची पावती. इथे माझा बाण उशीत घुसत होता.

आणि मग मुलांनी ती पत्रकं घेतली. कुणीतरी घडी घालून पंखा केला आणि काठीला बांधला, की लगेच सगळ्यांना तसाच हवा. ढोल वाजला, मिरवणूक निघाली आणि माझी पत्रकं क्रूसांवर फडफडत माझ्या समोरून गेली. आमच्या मुलीने तिचं आडव्या काठीखाली रिबिनीने बांधलं होतं. पिवळा कागद, खाली हिरवी डहाळी, वर उंच काहीतरी. लांबून ती अगदी गुढी दिसत होती. मी तोंड फिरवलं. सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "बघ, तुझंही आलं की त्यात."

त्यांच्या मते हे कौतुक होतं.

काठी ज्यांना द्यायची होती त्या सासूबाईंच्या जुन्या शेजारीणबाई. आता वृद्धाश्रमात असतात. खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, दुपारच्या जेवणाबद्दल त्यांची तक्रार चालू होती. आम्ही सगळे आत गेलो. मुलीने काठी दोन्ही हातांनी पुढे धरली.

आजींनी ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "आणि तो वर बसलाय तो कोण?"

सासूबाईंचे ओठ नकळत हलले. नणंदेने गळ्यातला खडा मुठीत धरला. आणि मी, मी तर तिच्याकडे टक लावून बघत होते. मुलीने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. शेवटी माझ्याकडे.

"पाव आहे," ती म्हणाली.

"मग लोणी आणा," आजी म्हणाल्या.

त्यांनी माझं पत्रक सोडवून मांडीवर पसरलं, म्हणजे चुरा कपड्यांवर पडणार नाही. एक ओळ वाचली नाही. कोंबड्याचं डोकं आधी मोडलं. लोणी लावून अर्धा फस्त केला, सगळ्यांसमोर, कुणाला विचारलंही नाही. नणंद एखादा विधी चालू असल्यासारखी डोळे मिटून उभी होती. सासूबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "डोळे उघड, ती जेवतेय." निघताना आजींनी शेपटीचा तुकडा मुलीला दिला. त्या दिवशी त्या खोलीतली एकमेव शहाणी बाई म्हणजे त्या आजीच, असं माझं मत झालं, आणि माझी मुलगी दुसरी.

परतीच्या ट्रेनमध्ये नवरा पेंगत होता. मी मुलीला जवळ घेतलं आणि म्हटलं, शाब्बास. इतके सगळे बघत असताना तू तुझ्या मनाचं बोललीस.

ती शेपटी कुरतडत होती. तिने मला समजावून सांगितलं, जसं शाळेतल्या लहान मुलाला समजावतात. ओमाने, म्हणजे आजीने, विचारलं तर पेत्र म्हणायचं. तांतेने, म्हणजे आत्याने, विचारलं तर सूर्य. आईने विचारलं तर पाव.

"पण विचारलं त्या आजींनी," मी म्हटलं.

"हो. पण आज तू दारात एकटी उभी होतीस."

मला राग आला. कुणाचा, ते ठरवायला वेळ लागला. मी सांगितलं की मिरजेचे आजोबा मला साखर खा म्हणायचे तेव्हा मला कुणाचं मन राखायचं नव्हतं. मग तिने साखरेबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं, गल्ली, पत्रकं, गाठी, आजोबांचं ते वाक्य. तिला ते फार आवडलं. पुढच्या वर्षी काठीला ती साखरेची माळही बांधू या, म्हणाली.

"आणि ते काय आहे असं कुणी विचारलं तर?"

"साखर आहे ती, दुसरं काही नाही," ती म्हणाली. हे तिने मराठीत म्हटलं, शब्दाला शब्द. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, उत्तर बरोबर आलं का ते बघायला.